आई-बाबांना ग्रीन कार्डवर अमेरिकेत आणताना: पाच वर्षांचं घड्याळ आणि सरकारी आरोग्य विमा

आई-बाबांचं ग्रीन कार्ड मंजूर झालं की घरात सगळ्यांचं लक्ष तिकिटांकडे, भारतातल्या फ्लॅटला भाडेकरू बघण्याकडे आणि सामानाच्या बॅगांकडे लागतं. विम्याचा विषय बहुतेक घरांत विमान उतरल्यावर निघतो. अमेरिकेत ६५ वर्षं पूर्ण झाली की सरकार मेडिकेअर देतं, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नव्याने येणाऱ्यांसाठी ते अर्धंच खरं आहे. वयाबरोबर पाच वर्षांचा सलग रहिवास लागतो. तो झाल्यावरही इथे नोकरी न केलेल्या माणसाला विमा फुकट मिळत नाही, विकत घ्यावा लागतो. शिवाय प्रत्येक टप्प्याला नोंदणीची मुदत आहे. ती चुकली तर काही महिने विम्याविना काढावे लागतात आणि दंड काही बाबतींत आयुष्यभर हप्त्याला चिकटतो. म्हणून खाली ज्या तारखा येतील त्या वाचतानाच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

चार नावं आणि त्यामागचा पैसा

मेडिकेअर केंद्र सरकारचं आहे. ते मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांसाठी आणि काही अपंग व मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आहे. मेडिकेड कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असून ते केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, त्यामुळे त्याचं नाव आणि नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात ते मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. दोन्ही योजनांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली. लहान मुलांसाठीची चिप योजना १९९७ मध्ये आली. चौथं नाव मार्केटप्लेस, म्हणजे २०१० च्या ओबामांच्या कायद्याने उभा केलेला बाजार. तिथे विमा खासगी कंपन्यांचाच असतो, पण अटी सरकारच्या. जुना आजार आहे म्हणून कंपनी नाकारू शकत नाही, आणि ज्येष्ठांना तरुणांच्या तिपटीपेक्षा जास्त हप्ता लावू शकत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेचा आरोग्यावरचा एकूण खर्च ४.९ ट्रिलियन डॉलर होता, आपल्या मोजणीत ४.९ लाख कोटी डॉलर. देशाच्या सकल उत्पन्नाच्या १७.६ टक्के, माणशी १४,५७० डॉलर. त्यातला एक ट्रिलियनहून थोडा अधिक मेडिकेअरने भरला, सुमारे ८७० अब्ज मेडिकेडने, १.४६ ट्रिलियन खासगी विम्याने आणि सुमारे ५०० अब्ज लोकांनी थेट खिशातून. एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा रुग्णालयांकडे गेला, औषधांच्या दुकानांकडे ९ टक्के. एखादं औषध महाग पडलं तर घर हलत नाही, दाखल व्हायची वेळ आली की हलतं. विमा निवडताना आधी रुग्णालयाचा खर्च कोण उचलणार हे बघा, बाकीचं नंतर.

आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते. इथे एकाच तपासणीला मेडिकेअरचा एक दर, प्रत्येक खासगी कंपनीशी ठरलेला वेगळा दर, आणि विमा नसलेल्यासाठी रुग्णालयाच्या छापील यादीतला सर्वांत चढा दर असतो. मेडिकेअर १९८३ पासून दाखल रुग्णाचे पैसे निदानाच्या गटानुसार ठरलेल्या रकमेने देतं, त्यामुळे न्यूमोनियाचा रुग्ण तीन दिवस राहिला की पाच, याने रुग्णालयाला मिळणारी रक्कम सहसा बदलत नाही. विम्याचा एक मोठा फायदा असा की तो तुम्हाला त्या चढ्या यादीतून बाहेर काढतो.

निघण्याआधी

पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांकडून औषधांची यादी मूळ नावांनी लिहून घ्या. इथल्या डॉक्टरला ग्लायकोमेट, टेल्मा, थायरोनॉर्म ही नावं कळत नाहीत. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, लेव्होथायरॉक्सिन असं लिहिलेलं आणि सोबत मिलिग्रॅम लागतात. पॅरासिटॅमॉलला इथे असिटामिनोफेन म्हणतात. नाव न ओळखल्याने दोन्ही एकत्र घेतली जातात आणि यकृताला इजा होते. तीन महिन्यांची औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. लसीकरणाच्या नोंदी, जुने ईसीजी, अँजिओग्राफीचा अहवाल आणि स्टेंट असल्यास त्याचं कार्डही घ्या. ही कागदपत्रं नसतील तर त्याच तपासण्या इथे पुन्हा होतात, आणि इथल्या दराने होतात.

पहिल्या चार ते सहा आठवड्यांसाठी प्रवासी विमा घ्या. तो आधीपासूनच्या आजारांचा खर्च सहसा देत नाही आणि पाच वर्षं काढायला मुळीच पुरत नाही. मार्केटप्लेसचा विमा लागू होईपर्यंतचा खड्डा भरणं एवढंच त्याचं काम.

पहिले ६० दिवस

नोकरीच्या विम्यात आई-बाबांना घालता येईल का, हे आधी कंपनीला विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असं येतं. त्या विम्यात जोडीदार आणि मुलं चालतात, पालक नाहीत. मग मार्केटप्लेस.

एरवी मार्केटप्लेसची नोंदणी १ नोव्हेंबरपासून ठरावीक मुदतीपुरतीच उघडते. कायम रहिवासी म्हणून नव्याने आलेल्यांना मात्र आल्यापासून ६० दिवसांची खास मुदत मिळते. योजना निवडल्यावर विमा साधारणपणे पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो. म्हणजे ५ तारखेला उतरलेल्या माणसाने त्याच महिन्यात अर्ज पुरा केला तर साडेतीन आठवड्यांचा खड्डा पडतो. अर्ज पुढच्या महिन्यावर ढकलला की तो दुप्पट होतो.

अर्ज इथे अडतो. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, यायला कधी कधी काही आठवडे जातात. त्याची वाट बघत बसू नका. व्हिसावर आणि पुढे ग्रीन कार्डावर छापलेला एलियन नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा क्रमांक, देऊन अर्ज भरता येतो, आणि पासपोर्टमधला शिक्का बसलेला इमिग्रंट व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखाच पुरावा असतो. ऑनलाइन ओळख पटवताना जुनी कर्जं आणि जुने पत्ते यांवर प्रश्न येतात. नवख्या माणसाला इथे काही इतिहासच नसल्याने ती पायरी फसते. तिथे वारंवार प्रयत्न करून खातं बंद पाडून घेऊ नका, सरळ फोनवर अर्ज करा आणि मागतील ती कागदपत्रं अपलोड करा. कागद मागणारं पत्र आलं की त्यावरची शेवटची तारीख बघा. ती उलटली तर हप्त्यावर मिळालेली सरकारी सवलत किंवा विमा बंद होतो.

आता सवलतीचं गणित. इथे सध्या सर्वांत जास्त गफलत होते, कारण नियम नुकतेच बदलले आहेत. २०२१ पासून मिळणारी वाढीव सवलत २०२५ च्या अखेरीस संपली. २०२६ साठी कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपटीहून एक डॉलरही जास्त झालं तर सवलत शून्य. दोघांच्या कुटुंबाला ही चौपट ८४,६०० डॉलर आहे, सहा जणांच्या कुटुंबाला १,७२,६००.

आई-बाबा कोणाच्या कुटुंबात मोजायचे, हे करविवरणावर ठरतं. मुलाने त्यांना आपल्यावर अवलंबून दाखवलं तर मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आई-बाबा असं सहा जणांचं कुटुंब धरलं जातं, आणि उत्पन्न सगळ्यांचं मिळून. मुलगा आणि सून दोघंही आयटीत असतील तर बहुधा मर्यादा ओलांडली जाते आणि आई-बाबांचा हप्ता पूर्ण भरावा लागतो. आई-बाबांनी स्वतंत्र विवरण भरलं तर त्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर हवं. दोघांसाठी ती २१,१५० डॉलर आहे, म्हणजे साधारण १८ ते १९ लाख रुपये. आधी ग्रीन कार्डधारकाला पाच वर्षांच्या आत याहून कमी उत्पन्नावरही सवलत मिळत असे. १ जानेवारी २०२६ पासून ती बंद झाली. ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, म्हणून भारतातली पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, फ्लॅटचं भाडं सगळं मोजलं जातं. बँकेत मोठी नोकरी करून निवृत्त झालेल्या जोडप्याचं पेन्शन आणि व्याज मिळून ही रेषा पार होऊ शकते. तसं असेल तर स्वतंत्र विवरण फायद्याचं ठरतं. दोन्ही प्रकारे हिशेब करा, आणि तो भारतातल्या उत्पन्नाची माहिती असलेल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्या. २०२६ पासून अंदाज चुकून जास्त सवलत घेतली गेली तर पूर्ण रक्कम परत करावी लागते. पूर्वी त्याला मर्यादा असायची.

योजना चार धातूंच्या नावांनी येतात. ब्राँझमध्ये विमा सरासरी ६० टक्के खर्च उचलतो, सिल्व्हरमध्ये ७०, गोल्डमध्ये ८० आणि प्लॅटिनममध्ये ९०. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाची औषधं चालू असणाऱ्यासाठी केवळ हप्ता कमी म्हणून ब्राँझ घेऊ नका. वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, तो आकडा बघा. २०२६ मध्ये कायद्याने तो एकट्याला १०,६०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही, मात्र हे नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरांपुरतं.

मेडिकेड मिळेल का?

बहुतेक राज्यांत ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षं नाही. ही अट १९९६ च्या कायद्याची आहे. न्यूयॉर्कसारखं राज्य स्वतःच्या पैशातून देतं, म्हणून आपल्या राज्याचा नियम विचारणं योग्य. मुलं आणि गर्भवतींना बऱ्याच राज्यांनी पाच वर्षांची अट माफ केली आहे. पाच वर्षांनंतरही आणखी एक अडथळा असतो. आई-बाबांना बोलावताना मुलाने आय-८६४ हे हमीपत्र भरलेलं असतं, आणि त्याच्या आधारे राज्य मुलाचं उत्पन्न आई-बाबांचंच धरू शकतं. दिलेला खर्च मुलाकडून मागण्याचा अधिकारही कायद्याने राज्याला आहे. ही हमी आई-बाबा नागरिक होईपर्यंत किंवा ४० तिमाहींचं, म्हणजे दहा वर्षांचं, काम भरेपर्यंत सहसा सुटत नाही, म्हणून त्या फॉर्मची प्रत जपून ठेवा आणि मेडिकेडचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

विमा नसताना काही झालं तर? १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी विभाग असलेल्या रुग्णालयाने पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासणी करून रुग्णाला स्थिर करणं बंधनकारक आहे. छातीत दुखत असेल तर बिलाच्या भीतीने घरी थांबू नका. बिल मात्र येतं. धर्मादाय दर्जाच्या रुग्णालयांना, आणि अशी रुग्णालयं इथे बहुसंख्य आहेत, आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस त्यासाठी अर्ज करता येतो. बिलिंग विभागाला ‘फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म द्या’ एवढं म्हणा. नेहमीच्या तपासणीसाठी सरकारी अनुदानावर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स उत्पन्नाप्रमाणे फी घेतात.

पाच वर्षं भरत आली की

ग्रीन कार्डावर ‘रेसिडेंट सिन्स’ या शब्दांखाली एक तारीख छापलेली असते. इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांचं घड्याळ तिथून चालतं. वय आधीच ६५ च्या पुढे असेल तर पाच वर्षं पूर्ण होणारा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे सात महिने नोंदणीसाठी मिळतात. समजा तारीख १२ जून २०२१ आहे. पाच वर्षं जून २०२६ मध्ये भरतात, नोंदणीची खिडकी मार्च ते सप्टेंबर. मार्चमध्येच सोशल सिक्युरिटी कार्यालयाची वेळ घ्या. मेडिकेअरची नोंदणी तेच कार्यालय करतं. जाताना ग्रीन कार्ड, सगळ्या शिक्क्यांसह जुना-नवा पासपोर्ट, करविवरणं, बँकेची विवरणं आणि पत्त्याचा पुरावा न्या. पाच वर्षं सलग राहिल्याचं दाखवावं लागतं आणि लांब भारतभेटींवर प्रश्न येतो, म्हणून प्रत्येक प्रवासाची जाण्या-येण्याची तारीख एका कागदावर लिहून ठेवा.

मेडिकेअरचे भाग असे. पार्ट ए म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, दाखल न होता घेतलेले उपचार. पार्ट डी औषधांसाठी. पार्ट सी, म्हणजे मेडिकेअर अॅडव्हान्टेज, हे सगळं एका खासगी कंपनीकडून एकत्र घेण्याचा मार्ग.

ज्याने किंवा ज्याच्या जोडीदाराने इथे ४० तिमाही, म्हणजे दहा वर्षं, कर भरून काम केलं त्याला पार्ट ए फुकट. मुलाने वीस वर्षं मेडिकेअरचा कर भरलेला असला तरी त्याचा आई-बाबांना काहीही उपयोग नाही. हे अनेकांना नोंदणीच्या काउंटरवर कळतं. काम न केलेल्याला २०२६ मध्ये पार्ट ए महिना ५६५ डॉलरला पडतो, ३० ते ३९ तिमाही असतील तर ३११ ला. पार्ट बी सगळ्यांना महिना २०२.९० डॉलर, उत्पन्न फार जास्त असेल तर अधिक. पार्ट बीचा हप्ता खऱ्या खर्चाच्या चतुर्थांश इतकाच ठेवलेला असतो, उरलेले तीन भाग सरकारी तिजोरीतून जातात. पार्ट एचा खर्च मात्र पगारातून कापलेल्या करावर चालतो, आणि तो कर न भरलेल्याला पूर्ण किंमत मोजावी लागते. दोन्ही मिळून माणशी महिना ७६७.९०, वर्षाला ९,२१४.८०. दोघांचे अठरा हजार डॉलरहून अधिक.

बाबा ६० व्या वर्षी आले आणि अंगात उमेद असेल तर अर्धवेळ नोकरीचा विचार इथेच करावा. २०२६ मध्ये १,८९० डॉलर कमाईला एक तिमाही मोजली जाते, वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे वर्षभरात ७,५६० डॉलर पगारावर मिळवले की वर्षाच्या चारही तिमाही भरतात. काम पगाराच्या नोंदीवर आणि कर कापून झालेलं हवं. दुकानात रोख घेऊन केलेलं काम मोजलं जात नाही. साडेसात वर्षांत ३० तिमाही होतात आणि पार्ट ए महिना २५४ डॉलरने स्वस्त होतो. दहा वर्षांनी दोघांनाही फुकट, कारण जोडीदाराच्या कामावर दुसऱ्यालाही मिळतो.

पार्ट ए फुकट मिळत नसेल तर मेडिकेअर न घेता मार्केटप्लेसवरच राहण्याची मुभा आहे. सवलत चांगली मिळत असेल तर ते त्या वर्षी स्वस्तही पडेल. पण पार्ट बीला झालेल्या उशिराचा दंड चालू होतो. प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के, आणि तो आयुष्यभर. २८ महिने उशीर म्हणजे दोन पूर्ण वर्षं, २० टक्के: आजच्या हप्त्यावर महिना सुमारे ४०.६० डॉलर जास्त, आणि हप्ता वाढेल तसा दंडही वाढणार. उशिरा यायचं झालं तर दारही वर्षातून एकदाच उघडतं, १ जानेवारी ते ३१ मार्च. पार्ट डीचा दंड उशिराच्या प्रत्येक महिन्याला १ टक्का या हिशेबाने मोजतात. मुदत संपल्यावर सलग ६३ किंवा त्याहून अधिक दिवस औषधांचा पुरेसा विमा नसेल तर तो लागतो. आमचं स्पष्ट मत असं की आई-बाबा इथेच राहणार हे नक्की असेल तर पहिल्याच खिडकीत नोंदणी करावी. सत्तरीनंतर आजार वाढतात आणि तेव्हा जानेवारीची वाट बघणं परवडत नाही.

सरकारी मेडिकेअर नुसतंच घेतलं तर डॉक्टरच्या खर्चाचे २० टक्के रुग्णाकडे राहतात आणि त्याला वरची मर्यादा नाही. कर्करोगाच्या उपचारांत हे २० टक्के फार मोठे होतात. ती फट बुजवायला मेडिगॅप नावाचा जोडविमा असतो. ६५ पूर्ण झालेल्या माणसाचा पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कोणतीही कंपनी आजार विचारून तो नाकारू शकत नाही. सातव्या महिन्यापासून बहुतेक राज्यांत नाकारू शकते. मधुमेह आणि स्टेंट असणाऱ्यासाठी या सहा महिन्यांइतकी मोलाची मुदत दुसरी नाही. अॅडव्हान्टेजमध्ये वार्षिक कमाल मर्यादा असते आणि हप्ता बहुधा कमी, पण डॉक्टर ठरावीक आणि अनेक उपचारांना आधी परवानगी लागते. दोन्हीसाठी ए आणि बी दोन्ही भाग हवेत. निवड अवघड वाटली तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला योजना आहे. ती काहीही विकत नाही.

पार्ट डीमध्ये २०२६ साठी औषधांचा खिशातला खर्च २,१०० डॉलरवर थांबतो आणि इन्शुलिन महिना ३५ डॉलरच्या वर जात नाही. जानुविया, जार्डियन्स, फार्सिगा, एलिक्विस यांसह दहा औषधांचे सरकारने घासाघीस करून ठरवलेले दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले आहेत.

बिल हातात आल्यावर

उपचारानंतर दोन वेगळे कागद येतात. विमा कंपनीच्या कागदावर ठळक लिहिलेलं असतं की हे बिल नाही. उदाहरण म्हणून एक असा कागद घेऊ. पहिल्या रकान्यात रुग्णालयाने मागितलेले १,८४० डॉलर. दुसऱ्यात कंपनीशी ठरलेला दर, ६२० डॉलर. इथेच १,२२० डॉलर पुसले गेले, ते कोणीच देत नाही. तिसऱ्यात डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी वर्षभरात आपण भरायची रक्कम. त्यातले ४०० शिल्लक होते, ते आपल्याकडे. उरलेल्या २२० वर २० टक्के कोइन्शुरन्स, म्हणजे आपला वाटा, ४४ डॉलर. कंपनीने दिले १७६. शेवटच्या रकान्यात आपली देणी: ४४४ डॉलर.

रुग्णालयाचं बिल ४४४ चंच असेल तर भरा. १,८४० चं असेल तर विम्याचा क्रमांक चुकलेला आहे किंवा दावा गेलेलाच नाही. फोन करून दुरुस्त करायला सांगा. बिल या कागदाच्या आधी आलं तर थांबा. आकडा समजत नसेल तर तपशीलवार बिल मागा. एकच रक्त तपासणी दोनदा लावलेली त्यात दिसून येते. कंपनीने दावा नाकारला तर मार्केटप्लेसच्या विम्यात अपिलासाठी १८० दिवस असतात. नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरने इमर्जन्सीत उपचार केले म्हणून जास्तीचं बिल लावायला १ जानेवारी २०२२ पासून खासगी विम्यात बंदी आहे. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्या कायद्यात नाही.

मेडिकेअरमधली वार्षिक वेलनेस भेट मोफत असते. ती अंगभर तपासणी नव्हे; प्रश्न, नोंदी, वर्षभराचं नियोजन एवढंच. आपली आई डॉक्टर भेटले की गुडघा, पित्त, झोप सगळं एकदम सांगते. डॉक्टर त्यावर उपचार करतात आणि वेगळं बिल लागतं. तक्रारी असतील तर सांगायलाच हव्यात, फक्त त्यासाठी वेगळी भेट ठरवा आणि तिचे पैसे धरून चाला. आणि बोलताना नातवाला दुभाष्या करू नका. सरकारी पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषी मोफत द्यायचा असतो. वेळ घेतानाच ‘मराठी इंटरप्रिटर हवा’ असं सांगा, बहुतेक वेळा तो फोनवर मिळतो. आपल्या भाषेत सांगितलेली लक्षणं आणि नातवाने अर्धवट इंग्रजीत सांगितलेली लक्षणं यांत निदानाचा फरक पडतो.

रुग्णालयातली ती एक रात्र

बाबा पडले, खुब्याला मार लागला, तीन रात्री रुग्णालयात काढल्या आणि डॉक्टरांनी पुनर्वसन केंद्रात पाठवलं. पार्ट ए असताना तिथले पहिले २० दिवस फुकट आणि २१ ते १०० दिवस रोज २१७ डॉलर, असा नियम. पण त्याआधी सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ म्हणून दाखल असणं लागतं. रुग्ण खाटेवर असतो, हाताला सलाईन असते, जेवण येतं आणि तरीही कागदावर तो ‘ऑब्झर्व्हेशन’खाली, म्हणजे दाखल न करता नुसत्या निरीक्षणाखाली, असू शकतो. त्या रात्री मोजल्या जात नाहीत आणि केंद्राचं सगळं बिल घरावर येतं. म्हणून पहिल्याच दिवशी नर्सला किंवा केस मॅनेजरला विचारा: आज कागदावर इनपेशंट आहेत की ऑब्झर्व्हेशन? ऑब्झर्व्हेशन २४ तासांहून जास्त चाललं तर रुग्णालयाला लेखी सूचना द्यावी लागते. ती मिळाली की उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी लगेच बोला, रुग्ण घरी गेल्यावर हे बदलून घेणं फार कठीण जातं. पार्ट एमध्ये दर आजारपणाला १,७३६ डॉलरचं डिडक्टिबलही असतं. आणि रोजची आंघोळ, जेवण, सोबत यासाठी लागणारी दीर्घकाळची सेवा मेडिकेअर देत नाही. दात, चष्मा, कानाचं यंत्रही नाही.

हिवाळ्यात पुण्याला जाताना

मेडिकेअर अमेरिकेबाहेर, मोजके अपवाद सोडले तर, चालत नाही. पुण्यातल्या अँजिओप्लास्टीचे पैसे ते देणार नाही, म्हणून तिथला विमा चालू ठेवा किंवा प्रवासी विमा घ्या. मेडिगॅपच्या काही योजना, उदाहरणार्थ जी आणि एन, परदेशातल्या इमर्जन्सीचा ८० टक्के खर्च देतात, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतलाच, २५० डॉलर आपण भरल्यावर, आणि आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. अॅडव्हान्टेज घेतलं असेल तर योजनेच्या भागाबाहेर सहा महिन्यांहून अधिक राहिलं की सहसा नाव कमी होतं. वर्षातले पाच-सहा महिने भारतात काढणाऱ्यांना म्हणून मेडिगॅप जास्त सोयीचा.

तिकडे असताना पार्ट बी बंद करून हप्ता वाचवण्याचा मोह होतो. परत आल्यावर जानेवारीची वाट आणि दंड, दोन्ही वाट्याला येतात. खरी अडचण बिलाची असते. सोशल सिक्युरिटीची पेन्शन नसलेल्यांच्या हप्त्याचं बिल टपालाने घरी येतं, नुसत्या पार्ट बीचं तीन महिन्यांनी आणि पार्ट ए विकत घेतलेलं असेल तर दर महिन्याला. घर बंद असेल तर ते पेटीत पडून राहतं आणि विमा तुटतो. निघण्याच्या निदान दोन महिने आधी मेडिकेअरच्या इझी पे सोयीत बँकेचं खातं जोडा, पहिला हप्ता खात्यातून खरोखर वजा झाला का ते बघा, आणि तो वजा होईपर्यंत आलेलं प्रत्येक बिल हाताने भरत राहा.